एका बादलीचं तेल

“तुझी गाडी कितवी लावायची, पोरी?” आबांनी विचारलं.

खंडेनवमीची सकाळ होती. अंगणात तीन गाड्या धुऊनपुसून ओळीने उभ्या होत्या. पहिली आबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची जुनी जीप. तिच्याशेजारी माझे थोरले दीर उदयदादा यांचा ट्रॅक्टर, आणि त्याच्याशेजारी माझ्या नवऱ्याचा, संग्रामचा पिकअप. माझी मोटारसायकल मी मुद्दामच लांब, गोठ्याच्या भिंतीला लावून ठेवली होती. ती कुणाच्या नजरेला पडू नये असा माझा बेत होता. पण आबांच्या नजरेतून अंगणात पडलेली झेंडूची पाकळीसुद्धा सुटत नसे.

“वयानं लावा ना, आबा,” मी म्हणाले. “माझी सगळ्यात धाकटी. शेवटाला लावू.”

“लाव शेवटाला. पर तेल पयलं तिलाच. आपल्यात आदी पोरं जेवत्यात, मग मोठी माणसं.”

झालं! माझा नंबर येईपर्यंत बादली संपेल, नाहीतर आबा तरी दमतील, असा हुशारीचा विचार करून मी बोलले होते आणि स्वतःच्या हाताने पहिला नंबर लावून घेतला होता. मी मान डोलावली आणि गाडी आणायला गेले.

तासगावच्या पुढे आठ-नऊ किलोमीटरवर आमचं गाव आहे. घरची द्राक्षबाग. माझं लग्न होऊन तेव्हा चार महिने झाले होते. मी सरकारी दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक होते, अजूनही आहे. अकरा गावांच्या गाई-म्हशी माझ्याकडे. कुठल्या वस्तीवर म्हैस अडली की मला जावं लागायचं, आणि त्या वाटा अशा की गाडी मध्येच रुसली तर म्हैसही गेली आणि रेडकूही गेलं. म्हणून लग्नाआधीच मी नवी मोटारसायकल घेतली होती. गावात तोवर गिअरची गाडी चालवणारी बाई नव्हती. आबांनी मात्र कधी नाक मुरडलं नाही. “आमची धाकटी डाक्टरीन हाय,” असं ते पारावर सांगत. मी डॉक्टर नाही हे मी त्यांना दोनदा सांगितलं, मग सोडून दिलं.

आता बादलीबद्दल. दर वर्षी खंडेनवमीला आबा तासगावहून तेलाची एक मोठी बादली आणत. तिला हळदी-कुंकू लावत, नारळ वाढवत आणि मग घरातल्या प्रत्येक गाडीत त्यातलंच तेल स्वतःच्या हाताने मापून ओतत. जुनं तेल पहाटेच काढून टाकलेलं असायचं. गाडी कुठलीही असो, तेल एकच. ज्या काळी घरात एक जीप आणि एक ट्रॅक्टर होता तेव्हापासूनची ही रीत. तेव्हा ती बरोबरच होती, कारण त्या दोन्हींना तेच तेल लागायचं. पुढे जुना ट्रॅक्टर गेला, नवा आला, पिकअप आला. गाड्या बदलल्या, बादली तीच राहिली.

माझे वडील मिरजेला वर्कशॉपमध्ये फिटर होते. मोटारसायकल घेतली त्या दिवशी त्यांनी किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि गाडीबरोबर आलेली पुस्तिका माझ्या हातात दिली. “आधी हे मोठ्यानं वाच. पहिल्या पानापासून. मग किल्ली,” असं म्हणाले. दीड तास मी वाचत होते आणि ते डोळे मिटून ऐकत होते. तेलाच्या पानावर त्यांनी डोळे उघडले. “मोटारसायकलीचा क्लच तेलातच बुडालेला असतो,” ते म्हणाले. “इंजिनाला एक आणि क्लचला एक असं नसतं. ट्रॅक्टरचं तेल घातलंस तर एखाद्या चढावर नुसतं इंजिन ओरडेल आणि गाडी जागची हलणार नाही. पुस्तकात लिहिलंय तेच घालायचं. महाग नाही, स्वस्त नाही. लिहिलेलं.”

तेव्हा मला सगळं स्पष्ट होतं. अडचण तेलाची नव्हतीच.

अडचण काय आहे ते सासूबाईंनी आदल्या दिवशी सांगितलं होतं. आम्ही दोघी देवघरासमोर पाट मांडत होतो. एका पाटावर शस्त्रं: विळे, खुरपी, छाटणीच्या कात्र्या. ऑक्टोबर छाटणी चालूच होती, त्यामुळे कात्र्या संध्याकाळी मळ्यातून येऊन धुऊन थेट पाटावर गेल्या. माझी इंजेक्शनची पेटीही आईंनी हौसेने तिथे ठेवली. दुसऱ्या पाटावर सरस्वती: त्यांची पोथी, पुतण्यांची पाठ्यपुस्तकं, आणि प्लॅस्टिकच्या पिशव्यांमधल्या तीन पुस्तिका.

“ही कशाची?” मी विचारलं.

“गाड्यांची. ती बी पुस्तकंच की. दर साली मांडते मी. तुझ्या गाडीचं हाय का? आण.”

मी आणली. आईंनी चारही पुस्तिकांवर हळदी-कुंकू वाहिलं. आधीच्या तिन्हींवर वर्षानुवर्षांच्या कुंकवाचे थर होते, पण पिशव्यांचं तोंड कारखान्यातून चिकटवून आलं होतं तसंच होतं. एकीचंही पान कधी उघडलेलं नव्हतं. मला हसू आलं, आणि हसता हसताच मी म्हणून गेले, “आई, उद्या माझ्या गाडीत बादलीतलं तेल नको. मी वेगळा डबा आणलाय.”

आईंच्या हातातली कुंकवाची वाटी खाली ठेवली गेली.

“आगं, तेवढं सोडून काय बी बोल,” त्या म्हणाल्या. “शामा भावजींचं तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?”

शामराव म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. सगळे त्यांना नाना म्हणत. ओढ्यापलीकडे त्यांचं घर. लग्नात मांडवाच्या टोकाला बसून जेवले, मला आशीर्वाद दिला आणि आबांशी ‘हं’, ‘व्हय’ एवढंच बोलून गेले, इतकंच मला माहीत होतं.

“बावीस वर्सं झाली,” आई सांगू लागल्या. “तवा समदं एकत्र व्हतं. नवमीला ह्यांनी बादली आणली, शामा भावजींच्या ट्रॅक्टरचं झाकाण उघाडलं, तर आत तेल काठोकाट. नवंकोरं. त्यांनी आदल्या दिवशीच दुसऱ्या डब्यातलं घातलं व्हतं. हे काय बोलले न्हाईत. भावजी बी काय बोलले न्हाईत. झाकाण लावलं. दिवाळीला भावजींनी वाटणी मागितली. तवापास्नं ह्यांच्या डोक्यात ते बसलंया. तेल येगळं झालं, घर फुटलं.”

म्हणजे मी उद्या नाही म्हटलं, की चार महिन्यांच्या सुनेने वेगळी चूल मागितली असंच ते होणार. आणि हो म्हटलं, तर गाडी. मला ते घर आवडलं होतं, हे इथे सरळ सांगून टाकते. आबा आवडले होते. ते घरही मला हवं होतं आणि माझी गाडीही.

संध्याकाळी मी संग्रामला गाठलं.

“ओतू दे गं,” तो म्हणाला. “मग बघू.”

“मग काय बघू? ओतल्यावर काय बघायचं?”

“बघू म्हटलं की!” असं म्हणून तो पिकअपच्या काचा पुसायला गेला. त्या आधीच पुसलेल्या होत्या.

उदयदादांना विचारलं तर ते इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले, “वृषाली, सणाचा दिवस हाय. गप ओतून घे. आमी काय मेलो का?” दोघेही असे बोलत होते की जणू मी एखादी लस टोचून घ्यायला घाबरते आहे.

तर ती सकाळ. गाडी पिकअपशेजारी लावली. आईंनी तिला हार घातला. आबांनी धोतर गुडघ्यापर्यंत खोवलं, बादलीवर नारळ वाढवला, झाकण उघडलं आणि मापटं बुडवलं. तेल मधासारखं, सुंदर दिसत होतं. त्यात वाईट काहीच नव्हतं, एवढंच की ते माझ्या गाडीचं नव्हतं.

“नट काढ गं,” आबा म्हणाले. “जुनं तेल जाऊ दे खाली.”

पहाटे मी तो मुद्दामच काढला नव्हता, आताही काढला नाही. मी तेलाच्या झाकणावर हात ठेवला.

“आबा, माझ्या गाडीत हे तेल नको.”

उदयदादांनी डोळे मिटले. संग्राम पिकअपच्या उघड्या दाराशी उभा होता, तो दाराच्या मागे थोडा सरकला.

“काय म्हणालीस?”

“या गाडीला वेगळं तेल लागतं. मी आणून ठेवलंय. तुम्हीच तुमच्या हातानं घाला, पण ते घाला.”

आबांनी मापटं परत बादलीत सोडलं. “माज्या दारात तेल येगळं?” ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता, आणि मला तेच जास्त लागलं.

“आबा, म्हशीला जेवढं औषध देतो तेवढं शेळीला देत नाही. दिलं तर शेळी मरते. दोघी एकाच गोठ्यात असल्या तरी.”

“कुणी सांगितलं तुला ह्ये? बापानं?”

“पुस्तकात लिहिलंय.”

“कंच्या पुस्तकात?”

“ते काय, पाटावर आहे. आईंनी कालच कुंकू लावलंय.”

आबा क्षणभर अडखळले. “पूजंत मांडलेलं पुस्तक उद्यापत्तुर हलवायचं नसतं,” ते म्हणाले, पण जरा कमी जोराने.

आई इतका वेळ उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि माझी पुस्तिका घेऊन बाहेर आल्या. “वाचली म्हणून सरस्वती रुसती व्हय?” असं म्हणून त्यांनी ती माझ्या हातात दिली. त्या बाईचे उपकार मी कधी विसरणार नाही.

मी पान काढलं. पुस्तिका टाकीवर टेकवली. “इंजिन तेल: टेन डब्ल्यू थर्टी. दर्जा: जासो एमए. याखेरीज दुसरं तेल वापरल्यास क्लच घसरू शकतो.” मग बादलीवरची अक्षरं वाचली. “ट्वेंटी डब्ल्यू फोर्टी. डिझेल इंजिनासाठी.” मिरजेत किल्लीसाठी वाचलं होतं, तसंच मोठ्याने.

आबांनी ऐकून घेतलं. मग हात पसरून ते म्हणाले, “मग ह्या बाकीच्या गाड्या कशा चालत्यात? ट्रॅक्टर सात सालं हाय, पिकअप चार सालं. ह्याच बादलीवर! बसलं का कुणाचं इंजिन? सांग की!”

मी पिकअपकडे पाहिलं, आणि तिथेच मला उत्तर दिसलं.

संग्राम ज्या दाराआड लपला होता त्या दाराच्या आतल्या कडेला एक स्टिकर होता. गॅरेजवाले तेल बदललं की लावतात तसला. त्यावर पेनाने तारीख घातली होती. मागच्या वर्षीची, आणि महिना तोच. दसऱ्यानंतर बरोबर सहाव्या दिवसाची.

ओतू दे. मग बघू.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी संग्रामकडे पाहिलं. त्याने अगदी बारीक मान हलवली: नको. मग उदयदादांकडे पाहिलं. ते ट्रॅक्टरच्या चाकाला असे चिकटून उभे होते की त्यांचंही काय असेल ते सांगायची गरज उरली नाही. दर वर्षी दोघे सण होऊ देत, आबांचं तेल घेऊन आठवडाभर हळूहळू गाडी चालवत आणि मग गुपचूप तासगावात जाऊन ते काढून टाकत.

मला फक्त बोट दाखवायचं होतं. आबा, तो स्टिकर वाचा. एवढं म्हटलं असतं तर मी जिंकले असते. पण आबा तिथे हात पसरून उभे होते, आणि त्यांचे दोन मुलगे त्यांच्या पाठीमागे. मला ते जमलं नाही.

“का गप झालीस?” आबा म्हणाले. “बोल.”

“बोलायचं ते बोलले, आबा. बाकीच्यांचं मला माहीत नाही. माझ्या गाडीत हे तेल चालणार नाही, आणि ते मी तुमच्यामागं काही करण्यापेक्षा तुमच्यासमोर सांगितलेलं बरं. तुम्हाला राग आला असला तर येऊ दे.”

आबा पिकअपकडे गेले, दार संग्रामच्या हातातून सोडवलं, पूर्ण उघडलं आणि कमरेतून वाकून तो स्टिकर तारखेसकट वाचला. मोठ्याने.

“मला काय वाचाय येत न्हाई असं वाटलं काय रं तुमास्नी?” ते म्हणाले. “चार सालं वाचतोय मी ह्ये. आन उदय, तुज्या ट्रॅक्टरला दर दिवाळीला नवा फिल्टर येतुया, तो काय देवी बसवून जाती?”

उदयदादांनी टोपी काढली आणि परत घातली. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नसावं.

“आबा, तुमाला ठावं व्हतं?” संग्राम म्हणाला. “मग बोलला का न्हाईसा?”

“तुमी का बोलला न्हाईसा?”

आबा जोत्यावर बसले. आईंनी पाणी आणलं, ते त्यांनी नुसतं हातात धरलं.

“मी दर साली वाट बघायचो,” ते म्हणाले. “आज तरी एकजण म्हणल, आबा, ह्ये तेल नको. मी दोन शिव्या दिल्या असत्या आन सोडून दिलं असतं. पर तुमी गप. शामा बी असाच गप. झाकाण उघाडलं तर आत तेल. त्यानं तवा तोंडानं मागितलं असतं, दादा मला येगळं पायजे, तर मी दिलं नसतं काय? ट्रॅक्टर दिला, रान दिलं, डबाभर तेल दिलं नसतं?” त्यांनी दोन्ही मुलांकडे पाहिलं. “तुमी दोगं बी एक दिवस असंच गुपचूप जाताय का काय, म्हणून मी बादली आणायचो. तुमी घालून घेताय तवर हाईसा.”

मला रडू आलं. लपवायचा प्रयत्न केला, जमला नाही. आबांनी माझ्याकडे बोट केलं. “ही चार म्हैन्याची पोर त्वांडावर न्हाई म्हणाली. हिची मला काळजी न्हाई. ही जायाची न्हाई कुठं.”

मग त्यांनी पाणी पिऊन टाकलं, उठून बादलीतलं तेल मापून जीपमध्ये ओतलं आणि बादलीचं झाकण लावलं. “जीपला चालतंय न्हवं?” त्यांनी मला विचारलं. आईंनी जीपची पुस्तिका आणली. चिकटलेली पिशवी मी दातांनी फाडली. चालत होतं. अगदी तेच लिहिलेलं होतं. आबांना त्याचा इतका आनंद झाला की त्यांनी मला ते दोनदा वाचायला लावलं.

ट्रॅक्टर आणि पिकअप पहाटेपासून कोरडे पडले होते. जीपच्या चावीसाठी संग्राम पुढे झाला, पण आबांनी पुस्तिकांची पिशवी काखेत मारली आणि माझ्या मोटारसायकलीकडे गेले. “हिच्यासंगं जातो मी. वाचता हिला येतंया.”

आबा माझ्यामागे बसले. पांढरी टोपी, धोतर, काखेत कुंकवाने माखलेल्या पुस्तिका. गावातून जाताना पारावरच्या मंडळींनी बोलणं थांबवून पाहिलं. आबांनी त्यांना हात केला. “तेल आणाय निघालो,” असं त्यांनी कुणी न विचारता सांगितलं.

तासगावच्या दुकानात त्यांनी प्रत्येक डबा माझ्याकडून वाचून घेतला. एक अक्षर पुस्तिकेतलं, एक डब्यावरचं, असं बोट ठेवून. दुकानदार नेहमीचा, त्याने पिकअपसाठी सगळ्यात भारीतला डबा पुढे सारला. “आबा, हे घ्या, विमानात घालतात असलं आहे.”

“मला विमान उडवायचं न्हाई,” आबा म्हणाले. “पुस्तकातलं दे.”

माझ्या लसीच्या पेटीच्या जागी डबे बांधून आम्ही परत निघालो. ओढ्याजवळ रस्ता फुटतो. उजवीकडे आमचं घर. आबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“डावीकडं वळ.”

“आबा, तिकडे तर नानांचं...”

“ठावं हाय मला. त्याच्या ट्रॅक्टरला काय लागतंया ते बघून येऊ.”

नाना अंगणात होते. जुना ट्रॅक्टर धुतला होता, तोच, वाटणीत गेलेला. रंग उडाला होता पण स्वच्छ होता. मोटारसायकलवरून आबा उतरताना पाहून नाना उभे राहिले, आणि पुढे काय करायचं ते न कळून तसेच उभे राहिले.

“शामा,” आबा म्हणाले, “ट्रॅक्टरचं पुस्तक हाय का?”

“हाय की. पूजंत.”

“आण.”

बावीस वर्षांनी पहिलं धड बोलणं, तेही हे. नानांनी पुस्तक आणलं. त्यावरही कुंकू होतं. हिंदीत होतं. मी पानं उलटली, जुना कागद फाटेल म्हणून जपून. तेलाचं पान सापडलं. वाचलं आणि थांबले.

“काय हाय?” दोघांनी एकदमच विचारलं.

“ट्वेंटी डब्ल्यू फोर्टी,” मी म्हणाले. “बादलीतलंच. आबा, जीपचं आणि याचं एकच तेल आहे.”

आबांनी नानांकडे पाहिलं. “मग त्या साली येगळा डबा कशापायी आणलावतास?”

तेवढ्यात काकू पाणी घेऊन आल्या. आबांना बघून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि तांब्या पुढे केला. नानांनी तांब्याकडे बघितलं आणि खाली मान घातली.

“ह्यापायी,” ते म्हणाले.

“काय?”

“त्यो तांब्या. डब्यावर फुकट व्हता. हिला लई आवडला व्हता. बादलीवर काय मिळत नव्हतं.”

आबांनी तांब्या उलटा केला. पाणी त्यांच्या पायांवर सांडलं. बुडाला तेल कंपनीचं नाव कोरलेलं होतं, घासून घासून अर्धं पुसलेलं.

“मग सांगायचं न्हाईस? तांब्या पायजे म्हणून?”

“तांब्यापायी दादाला काय सांगू? लाज वाटली. तू बी इचारलं न्हाईस. मला वाटलं, तू डूख धरलास. आन वाटणीचं म्हणशील तर ती कदी ना कदी झालीच असती, पोरं मोठी व्हत चाललीवती. पर बोलणं गेलं ते ह्याच्यानं गेलं.”

आबांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होते. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि नाना त्यांची पाठ चोळायला लागले. “बावीस सालं,” आबा म्हणत होते, “तांब्यापायी बावीस सालं!” काकू आत पळाल्या त्या दुसरं पाणी आणायला, आणि आणलं तेही त्याच तांब्यातून.

“बादली उरलीया,” निघताना आबा म्हणाले. “निम्म्याच्या वर हाय. ट्रॅक्टर घेऊन यी. मी वततो.”

दुपारी ओढ्यावरून जुन्या ट्रॅक्टरचा आवाज आला. आई हातातली पोळी तव्यावर तशीच टाकून बाहेर धावल्या. पोळी करपली, ती मी खाल्ली. उदयदादा आणि संग्राम आपापल्या गाड्यांत नवं तेल घालून हात पुसत होते, ते तसेच उभे राहिले. माझ्या गाडीत आबांनी घरी आल्या आल्या स्वतःच तेल घातलं होतं. मापून, एक थेंब न सांडता.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. आमच्याकडे खंडेनवमीला आता पाच प्रकारची तेलं येतात, आणि आदल्या दिवशी पुस्तिका पाटावर मांडायच्या आधी आबा त्या वाचून घेतात. बादली अजून येते. ती दोन म्हाताऱ्या गाड्यांची असते.

त्या दिवशी मात्र अंगणात जागा नव्हती. नाना फाटकात ट्रॅक्टर घरघरवत थांबले होते आणि आबा हातवारे करून ओरडत होते, “आरं, जीपच्या शेजारी घे! वयानं लावायच्यात!”

मी माझी गाडी काढून बाहेर रस्त्यावर लावली.